२७ पुस्तकं कुणी निवडली? नवा करार, त्याची हस्तलिखितं आणि एक व्हॉट्सॅप फॉरवर्ड

पोथीनिष्ठ (धागालेखक)

मँचेस्टरला डीन्सगेटवर जॉन रायलंड्स लायब्ररी आहे. बाहेरून चर्च वाटते, आतूनही चर्चच वाटते, फक्त पुस्तकांनी भरलेलं. कामासाठी गेलो होतो. दुपारची मीटिंग ऐनवेळी पुढे गेली, पाऊस काही हटेना, म्हणून आत शिरलो. तिथं काचेमागे पपायरसचा एक तुकडा ठेवलाय. साधारण क्रेडिट कार्डाएवढा, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. पुढच्या बाजूला सात ओळींचे अवशेष, मागच्या बाजूला सात. एकही ओळ धड पूर्ण नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा १८वा अध्याय, पिलातापुढची चौकशी.

१९२० साली इजिप्तमधून विकत घेतलेल्या गठ्ठ्यात हा आला, आणि तो काय आहे हे कळून छापला गेला १९३५ साली. अभ्यासक त्याला पी-५२ म्हणतात. अक्षराच्या वळणावरून त्याचा काळ दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध धरला गेला. मग 'इ.स. १२५' हा आकडा असा चिकटला की जणू पानावर तारीखच लिहिली आहे! अक्षरावरून काढलेल्या काळात पन्नासेक वर्षं इकडेतिकडे सहज होतात. हा तुकडा दुसऱ्या शतकाच्या शेवटचा किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीचाही असू शकतो, असं २००५ साली एका अभ्यासकानं दाखवून दिलं.

मला मात्र तारखेपेक्षा मागची बाजू जास्त बोलकी वाटली. मजकूर दोन्ही अंगांनी आहे, म्हणजे ही गुंडाळी नव्हती, पानं शिवलेली वही होती. त्या काळी ग्रीक-रोमन जगात प्रतिष्ठेचं लेखन गुंडाळीवर व्हायचं. वही म्हणजे हिशेबाची, कच्च्या टिपणांची. ख्रिस्ती लोकांनी आपले ग्रंथ अगदी सुरुवातीपासून वहीत उतरवले. का, यावर तज्ज्ञांची अजून भांडणं आहेत.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आमच्या शाळेच्या ग्रुपवर आलेलं एक फॉरवर्ड. "इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या सभेत सम्राट कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन बायबलची पुस्तके निवडली आणि उरलेली जाळून टाकली." (सभा म्हणजे रोमन सम्राटानं भरवलेली बिशपांची बैठक.) तिघांनी अंगठे दिले. मी तिथं उत्तर टंकायला घेतलं, ते फार लांबलं, म्हणून इथं आलो.

थोडक्यात माझं म्हणणं असं की नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाची, ही २७ पुस्तकं कुठल्याही एका बैठकीत ठरली नाहीत. कुठल्या गावच्या मंडळीत रविवारी काय मोठ्यानं वाचलं जात होतं, आणि एका वहीत काय काय मावत होतं, यातून यादी हळूहळू घट्ट होत गेली. ठराव मागाहून आले.

वाचण्याचा पुरावा आधी देतो. इटलीतल्या मिलान शहरात अँब्रोसियन ग्रंथालय आहे. तिथल्या एका हस्तलिखितात मुराटोरी या विद्वानाला एक यादी सापडली, ती त्यानं १७४० साली छापली. ८५ ओळी, सुरुवात फाटलेली, लॅटिन इतकं अशुद्ध की लहियाला काही कळत होतं की नाही कोण जाणे. मूळ यादी बहुधा दुसऱ्या शतकाच्या अखेरची. काही जण ती चौथ्यातली मानतात. 'हर्मासचा मेंढपाळ' नावाच्या पुस्तकाबद्दल ती म्हणते की हे अलीकडचं आहे, आपल्याच काळात रोममध्ये लिहिलेलं आहे. घरी वाचायला हरकत नाही, पण चर्चमध्ये लोकांपुढे वाचू नये. पेत्राच्या नावावरच्या प्रकटीकरणाबद्दल म्हणते की आमच्यातल्या काहींना ते चर्चमध्ये वाचलेलं नको आहे. सगळा वाद 'वाचायचं की नाही' याचा आहे.

दुसरा प्रसंग माझा आवडता. साधारण इ.स. २००च्या आसपास अंत्युखियाचा बिशप सेरापियन रोसस नावाच्या गावी गेला. तिथले लोक 'पेत्राचं शुभवर्तमान' वाचत होते आणि त्यावरून कुरबूर चालली होती. यानं पुस्तक न वाचताच सांगून टाकलं, एवढ्यावरून भांडता कशाला, वाचा की! घरी आल्यावर लोकांनी कान भरले, तेव्हा प्रत मिळवून वाचली. बरंचसं ठीक, पण येशूला खरं शरीर नव्हतंच, तो नुसता भास होता, असं मानणाऱ्यांच्या कामी येईल अशी भर त्यात सापडली. मग पत्र लिहून परवानगी मागे घेतली. हे पुस्तक पुढे नाहीसं झालं आणि १८८६-८७च्या हिवाळ्यात इजिप्तमधल्या अखमीमला एका कबरीत त्याचा मोठा भाग सापडला. त्यात थडग्यातून तीन पुरुष बाहेर येतात, मागून क्रूस चालत येतो, आणि आकाशातून प्रश्न आला की त्याचं उत्तर क्रूस देतो.

तर सेरापियननं कुठली अधिकृत यादी काढून पाहिली नाही. तशी यादी त्याच्याकडे नव्हतीच.

---

ताम्हण

वाखूसा (वाचनखूण साठवली)! सुरेख ओळख. एक बाळबोध प्रश्न: या यादीला 'कॅनन' म्हणतात, त्या शब्दाचा अर्थ काय? आणि एका वहीत काय मावतं याचा यादीशी काय संबंध, ते नीट कळलं नाही.

---

पोथीनिष्ठ

ग्रीक 'कॅनोन' म्हणजे सरळ काठी, सुतार माप धरतो तसली. त्यावरून नियम, आणि मग नियमात बसणाऱ्या ग्रंथांची यादी.

वहीचं उदाहरण पी-४६ या हस्तलिखिताचं देतो. साधारण इ.स. २००च्या सुमाराची, प्रेषित पौलानं ठिकठिकाणच्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांची वही. ८६ पानं उरली आहेत. ५६ डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात, ३० अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात. लहियानं ५२ मोठे ताव एकावर एक ठेवून मधोमध दुमडले, म्हणजे एकच जाड जुडी, १०४ पानं. पृष्ठांवर आकडे घातलेले आहेत, त्यामुळे सुरुवातीची सात पानं गेली आहेत हे कळतं. आणि जुडी एकच असल्यामुळे शेवटचीही सातच गेली असणार. जत्रेत मिळते ती चाळीस पानी वही आठवा, पुढचं पान फाडलं की मागचं सुटतं. तोच हिशेब.

आता गंमत. सुरुवातीला एका पृष्ठावर २६च्या आसपास ओळी आहेत. निम्मी वही ओलांडल्यावर अक्षर दाटायला लागतं आणि शेवटाकडे ओळी ३२पर्यंत जातात. जागा पुरणार नाही हे त्या बिचाऱ्याला उशिरा उमगलं! आणि एकदा ताव दुमडून लिहायला घेतले की मागे पान जोडायची सोय नाही.

शेवटच्या हरवलेल्या सात पानांत थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र सहज बसतं. तीमथ्याची दोन आणि तीताचं एक, ही तिन्ही पत्रं त्यानंतर बसत नाहीत. म्हणून काही जण म्हणतात की लहियाला ती ठाऊकच नव्हती. काही म्हणतात की घालायची होती, म्हणूनच तर अक्षर दाटलं. सुटे ताव मागे जोडले असतील, अशीही एक बाजू आहे. मला 'दाटलं' हा मुद्दा वजनदार वाटतो, पण पैज लावणार नाही.

याच वहीत 'इब्री लोकांस पत्र' रोमकरांच्या पत्राला लागूनच आहे, म्हणजे इजिप्तच्या या लहियाच्या मते ते बेलाशक पौलाचं. त्याच काळात रोमकडच्या मंडळींना ते पौलाचं वाटत नव्हतं. वर सांगितलेल्या मिलानच्या यादीत ते नाहीच. एकाच वहीत शेजारी शेजारी वाचली जाणारी पत्रं दोन पिढ्यांनी 'एकच संच' वाटायला लागतात. यादी अशीही बनते, बाइंडरच्या टेबलावर.

---

शंकासुर

लेख चांगला आहे, पण सरळ मुद्द्यावर येऊ. सम्राटानं धर्म हातात घेतला आणि पन्नास वर्षांत यादी पक्की झाली, हा योगायोग? सत्तेशिवाय कुठलाही धर्मग्रंथ ठरत नाही. 'द दा विंची कोड' या गाजलेल्या इंग्रजी कादंबरीत थोडं तिखटमीठ असेल, पण गाभा खरा असणार.

---

पोथीनिष्ठ

शंकासुरराव, नायसियाचे वीस नियम उपलब्ध आहेत, कुणीही वाचावेत. धर्मगुरूंनी व्याज घेऊ नये, बिशपची नेमणूक कशी व्हावी, छळाच्या काळात धर्म सोडलेल्यांना परत कसं घ्यायचं, असले विषय. आरियसचा वाद (येशू देवाच्या बरोबरीचा की देवानं घडवलेला) आणि ईस्टरची तारीख हे दोन मोठे प्रश्न वेगळे. पुस्तकांच्या यादीचा एकही नियम त्यात नाही. गोंधळाचं एक कारण असंही असेल की या नियमांनाही 'कॅनन'च म्हणतात.

मतदानाची दंतकथा मात्र जुनी आहे. नवव्या शतकाच्या सुमारास 'सिनोडिकॉन वेतुस' नावाचं एक ग्रीक संकलन तयार झालं. त्यात गोष्ट आहे की सगळी पुस्तकं वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली, तेव्हा खरी वर राहिली आणि खोटी खाली गेली. फ्रेंच लेखक व्हॉल्तेरनं अठराव्या शतकात त्याची यथेच्छ टिंगल केली आणि युरोपभर ती पसरली. आपल्यापर्यंत येताना चमत्कार गळाला आणि मतदान आलं.

सत्तेचा मुद्दा निम्मा मान्य. कॉन्स्टंटाइननं सन ३३०च्या सुमारास चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियस या बिशपला नव्या राजधानीतल्या चर्चसाठी पन्नास प्रती करून धाडायला सांगितलं, हे युसेबियसनं स्वतः लिहून ठेवलंय. पैसा आल्यावर पपायरसच्या वहीऐवजी जनावराच्या कातड्याचे महाग ग्रंथ झाले आणि सगळी पुस्तकं एका बांधणीत मावायला लागली. पण याच युसेबियसची यादी पाहा. तो सरळ गट पाडतो: सगळ्यांना मान्य, वादग्रस्त पण पुष्कळांच्या ओळखीची, आणि बनावट. याकोब, यहूदा, पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं-तिसरं, ही वादग्रस्तांत. प्रकटीकरण, म्हणजे नव्या कराराचं आजचं शेवटचं पुस्तक, त्यानं मान्य गटातही लिहिलंय आणि बनावट गटातही, दोन्हीकडे 'योग्य वाटल्यास' अशी शेपटी जोडून! सम्राटाच्या मर्जीतल्या माणसाची ही कथा. हुकूम आला असता तर त्याला अशी कसरत कशाला करावी लागली असती?

२७ पुस्तकांची आज आहे तशी यादी पहिल्यांदा दिसते ती ३६७ सालच्या एका पत्रात. अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस दरवर्षी ईस्टरची तारीख कळवायला पत्र धाडायचा, त्यातलं हे ३९वं. आणि हा गृहस्थ सत्तेचा लाडका म्हणावा, तर चार वेगवेगळ्या सम्राटांच्या काळात पाच वेळा हद्दपार झालेला.

---

शंकासुर

हद्दपारीचं माहीत नव्हतं. ठीक. पण ३६७ला एकानं पत्र लिहिलं आणि सगळ्यांनी मान डोलावली?

---

मोडीवाचक

नाही डोलावली, आणि तेच हस्तलिखितांतून दिसतं. सायनायटिकस ही बायबलची चौथ्या शतकातली ग्रीक प्रत. तिच्यात प्रकटीकरणानंतर बर्णबाचं पत्र आणि हर्मासचा मेंढपाळ आहेत, त्याच कातड्यावर, तशाच चार रकान्यांत. अलेक्झांड्रिनस पाचव्या शतकातली, म्हणजे अथानासियसच्या पत्रानंतरची, तरी तिच्यात क्लेमेंटची दोन पत्रं आहेत. जर्मनीत फुल्डाला ५४६च्या सुमाराची लॅटिन प्रत आहे, तिच्यात पौलाच्या नावावर 'लावदिकीयाकरांस पत्र' आहे, जे आज कुणीच मानत नाही. आर्मेनियनांकडे करिंथकरांस तिसरं पत्र कित्येक शतकं चाललं. इथिओपियाच्या चर्चची बायबलची एकूण पुस्तकं ८१, त्यात हनोखाचं पुस्तक आहे. आणि हनोखाचं वचन आपल्या नव्या करारातल्या यहूदाच्या पत्रात नाव घेऊन दिलेलं आहे. मग कुणाचं काय चुकलं सांगा!

अवांतर: पाठभेदांची ही शिस्त आपल्याला परकी नाही. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, तिची घडी बसवणारे विष्णु सुकथनकर बर्लिनला शिकले होते. लहिया अवघड शब्द सोपा करतो, सोपा शब्द मुद्दाम अवघड करत नाही, म्हणून दोन पाठांतला अवघड तो बहुधा जुना, हे सूत्र त्यांनी व्यासांना लावलं आणि नव्या कराराचे अभ्यासकही तेच लावतात. मात्र फरक ध्यानात ठेवा. एका ग्रंथाचा मजकूर शुद्ध करणं वेगळं आणि कुठले ग्रंथ घ्यायचे हे ठरणं वेगळं. या धाग्यात दोन्ही सरमिसळ होतायत.

---

पोथीनिष्ठ

सरमिसळ मान्य, पण कधीकधी ते दोन्ही एकाच पानावर भेटतात. सायनायटिकस पूर्ण ऑनलाइन आहे, २००९पासून. मार्कच्या शेवटच्या पानावर जा. थडग्यापाशी आलेल्या बायका घाबरून पळतात, 'कोणाला काही सांगितलं नाही, कारण त्या भ्यायल्या होत्या', आणि १६व्या अध्यायाच्या ८व्या ओवीला मजकूर संपतो. खाली नक्षीची रेघ, उरलेला रकाना कोरा, लूक पुढच्या रकान्यात सुरू. आज छापील प्रतींत असणाऱ्या पुढच्या १२ ओव्या तिथं नाहीत. व्हॅटिकनच्या जुन्या प्रतीतही नाहीत; तिथं मात्र लहियानं अख्खा एक रकाना मोकळा सोडलाय. आणखी काहीतरी आहे हे त्याला ठाऊक होतं का? मी त्या कोऱ्या जागेकडे बराच वेळ बघत बसलो होतो.

(ओवी म्हटलं ते सवयीनं, वचन म्हणा.)

---

मेरी_वसई

धागा वाचते आहे, आज लिहायलाच हवं. आम्ही वसईचे कॅथलिक, आमच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं. नगरची माझी प्रॉटेस्टंट मैत्रीण ६६ म्हणते. कॉलेजात यावरून आमची खूप जुंपायची. नंतर कळलं की नव्या करारात दोघींची २७च आहेत, फरक जुन्या करारातल्या तोबित, मक्काबी वगैरेंचा. ट्रेंटच्या सभेनं १५४६ मध्ये आमची यादी ठरावानं पक्की केली. पोथीनिष्ठ म्हणतात तसं, ठराव मागाहून, तोही भांडण पेटल्यावर. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरनं १५२२च्या जर्मन नव्या करारात इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तकं शेवटी ढकलली आणि अनुक्रमणिकेत त्यांना आकडेही दिले नाहीत. पण काढून टाकायचं धाडस त्यालाही झालं नाही.

पण मला सांगायचंय ते आपल्याकडचं. ही यादी भारतातही एकदा जोरजबरीनं सारखी केली गेली, आणि त्यात गोव्याचा हात आहे. केरळातले थोमा ख्रिस्ती सुरियानी भाषेतलं बायबल वापरत, पेशित्ता. त्यात नव्या कराराची २२ पुस्तकं. पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं आणि तिसरं, यहूदा आणि प्रकटीकरण ही पाच नाहीत. गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस १५९९च्या जूनमध्ये कोचीजवळ उदयंपेरूरला धर्मसभा घ्यायला गेले. सभेच्या ठरावांत स्पष्ट नोंद आहे की या लोकांच्या पुस्तकात ही पाच नाहीत, योहानाच्या आठव्या अध्यायातली व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट नाही, वगैरे; ते लॅटिन प्रतीवरून घालावं. कितीतरी सुरियानी पोथ्या 'दुरुस्त' झाल्या, कितीतरी जाळल्या गेल्या.

ती बाईची गोष्ट म्हणजे 'तुमच्यात जो निष्पाप असेल त्यानं पहिला दगड मारावा'. सगळ्या जगाला माहीत असलेली. ती सायनायटिकसमध्ये नाही, व्हॅटिकनच्या प्रतीत नाही, योहानाच्या पी-६६ आणि पी-७५ या जुन्या पपायरसांतही नाही. म्हणजे ज्या पोथ्या 'अपुऱ्या' म्हणून खोडल्या, त्या या बाबतीत खोडणाऱ्यापेक्षा जुनं जपत होत्या! मला हे कळलं तेव्हा वाईट वाटलं. ती गोष्ट माझी फार लाडकी आहे आणि ती मी सोडणार नाही, ते वेगळं.

---

शंकासुर

मेरीताई, हा प्रतिसाद म्हणजे माझ्याच मुद्द्याला पुरावा. सत्तेनं यादी ठरवली की नाही? फक्त ३२५ऐवजी १५९९.

---

मेरी_वसई

ठरवली नाही, लादली. ठरून बाराशे वर्षं झाली होती, तीही पश्चिमेकडे. शिवाय लादूनही सगळीकडे टिकली असं नाही. पूर्वेकडच्या अश्शूरी चर्चमध्ये उपासनेची वाचनं अजून त्या २२ मधूनच होतात. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च प्रकटीकरण मानतं, पण वर्षभराच्या उपासनेत ते वाचत नाही. मानायचं २७, वाचायचं २६.

आणि केरळातलं सगळं जळालं नाही. क्लॉडियस बुकॅनन १८०६ मध्ये तिकडे गेला, तेव्हा मार दिओनिसियस या बिशपनी त्याला बाराव्या शतकाच्या सुमाराची सुरियानी बायबलची मोठी प्रत दिली. ती आज केंब्रिजला आहे.

---

कट्ट्यावरचा_बंडू

तुम्ही लोक मुख्य गोष्ट टाळताय. येशू काश्मीर-लडाखला आला होता, हेमिसच्या गुंफेत त्याची पोथी आहे. ती कॅननमध्ये का घेतली नाही?

---

मोडीवाचक

बंडोपंत, पोथी दाखवा, लगेच घेऊ. नोतोविच नावाच्या रशियन गृहस्थानं १८९४ मध्ये हे छापलं. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस सुट्टीत हेमिसला गेले आणि तिथल्या प्रमुख लामांना दुभाष्यामार्फत पुस्तक वाचून दाखवलं. लामा म्हणाले, असा कुणी साहेब इथं आला नाही आणि असा ग्रंथ आमच्याकडे नाही.

पोथी प्रत्यक्ष असली तरी फसगत होतेच. २०१२ मध्ये 'येशूच्या पत्नीचा' उल्लेख असलेला कॉप्टिक (इजिप्तच्या जुन्या भाषेतला) तुकडा जगभर गाजला. पपायरस जुना होता, मजकूर नवा. तोतयानं थोमाच्या शुभवर्तमानातले शब्द उचलून जुळवले होते, आणि इंटरनेटवरच्या एका आवृत्तीत टंकताना झालेली चूकसुद्धा इमानेइतबारे उतरवली होती. दहावीच्या परीक्षेत शेजाऱ्याचं नावही कॉपी करणारे असतात, तसं.

---

ताम्हण

थोमाचं नाव निघालंच आहे तर, ते का वगळलं? नाग हम्मादीबद्दल ऐकलंय.

---

पोथीनिष्ठ

१९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ शेतकऱ्यांना मातीच्या भांड्यात कॉप्टिक भाषेतल्या वह्या मिळाल्या. बारा, शिवाय तेराव्याची काही पानं. त्यात येशूची ११४ वचनं असलेलं थोमाचं शुभवर्तमान पूर्ण आहे. मूळ ग्रीकचे तुकडे त्याआधीच मिळाले होते, ऑक्सिरिंकस या गावच्या उकिरड्यात. ग्रेनफेल आणि हंट या ऑक्सफर्डच्या जोडीनं १८९६-९७च्या हंगामात तिथं खणायला सुरुवात केली. कर, लग्नाची आमंत्रणं, धोब्याचे हिशेब आणि मधेच शुभवर्तमानाचं पान. लोकांनी शेकडो वर्षं टाकलेली रद्दी.

'वगळलं' हा शब्द मी वापरणार नाही, कारण आधी आत असल्याशिवाय वगळणार कसं? थोमात ना जन्म, ना क्रूस, ना थडगं, नुसती वचनं. उपासनेत वर्षाच्या चक्राला धरून वाचायला त्यात गोष्टच नाही. हे माझं मत. शिवाय इ.स. १८०च्या सुमारास लियोंचा आयरेनियस ठासून लिहितो की शुभवर्तमानं चारच, जशा दिशा चार आणि वारे चार. असला युक्तिवाद माणूस तेव्हाच करतो, जेव्हा 'चार' आधी अंगवळणी पडलेलं असतं आणि कारण मागाहून शोधायचं असतं. त्याआधी पोन्तस प्रांतातल्या मार्सियननं एकट्या लूकवर आणि पौलाच्या दहा पत्रांवर भागवायचं ठरवलं. १४४च्या सुमारास त्याला रोमच्या मंडळीनं बाहेर काढलं. तातियननं चौघांची मिळून एकच सलग कथा विणली, सुरियानी चर्चमध्ये ती दोन-अडीचशे वर्षं वाचली गेली. पाचव्या शतकात थिओडोरेट नावाच्या बिशपनं आपल्या भागातल्या दोनशेहून जास्त प्रती गोळा करून बाजूला काढल्या. शंकासुरराव, तुमच्या मुद्द्याला इथं खरा आधार आहे, घ्या.

---

शंकासुर

घेतला. आणि सायनायटिकस इंग्रजांनी ढापली ना?

---

मोडीवाचक

इंग्रजांनी विकत घेतली. ढापली की काय हा प्रश्न टिशेनडॉर्फ या जर्मनाचा. १८४४ मध्ये त्यानं सिनाई डोंगराखालच्या सेंट कॅथरिन मठातून ४३ पानं नेली. म्हणे जाळायच्या टोपलीत सापडली. मठवाले हे साफ नाकारतात, आणि मलाही ती टोपली जरा सोयीची वाटते. १८५९ मध्ये मोठा भाग नेला, 'मागाल तेव्हा परत करीन' असं लिहून देऊन. ती पावती मठात आहे. प्रत गेली रशियाच्या झारकडे. दहा वर्षांनी मठाकडून दानपत्रावर सह्या झाल्या. १९३३ मध्ये स्टालिनच्या सरकारनं एक लाख पौंडांना ती विकली, निम्म्याहून जास्त पैसे लोकवर्गणीचे. आज लंडनला ३४७ पानं, लाइपझिगला ४३, थोडे तुकडे सेंट पीटर्सबर्गला. १९७५ मध्ये मठातच एक बुजलेली खोली उघडली, तिथं आणखी डझनभर पानं निघाली. ती त्यांनी कुणाला दिलेली नाहीत.

जाता जाता एक. व्हॅटिकनच्या त्या जुन्या प्रतीत इब्री पत्राच्या पहिल्या अध्यायात तिसऱ्या वचनापाशी समासात एक टिपण आहे. मूळ लहियानं 'फानेरोन' लिहिलं, म्हणजे प्रकट करणारा. दुरुस्त करणाऱ्यानं 'फेरोन' केलं, म्हणजे वाहणारा, धारण करणारा. पुढे कुण्या तिसऱ्यानं परत 'फानेरोन' केलं आणि शेजारी लिहिलं: 'महामूर्खा, दुष्टा, जुनं तसंच राहू दे, बदलू नकोस!' गंमत अशी की जवळजवळ सगळे अभ्यासक 'फेरोन'च मूळ मानतात. म्हणजे शिव्या खाल्ल्या त्याची दुरुस्ती बरोबर होती.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा बजावलं, की यात जो स्वतःची ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नाथांची भाषा मवाळ.

---

मेरी_वसई

हाहाहा, महामूर्खा दुष्टा!

---

शंकासुर

हे वाक्य मी माझी इथली स्वाक्षरी म्हणून लावतोय. आणि ते फॉरवर्ड आमच्या ग्रुपवर मीच टाकलं होतं, तेही आत्ताच खोडलं. पोथीनिष्ठ, तुमची शाळा कुठली हो?

---

पोथीनिष्ठ

अरे देवा. दादरची. १९९१ची बॅच.

---

शंकासुर

अंगठा देणाऱ्या तिघांत मीही एक होतो. स्वतःच्याच फॉरवर्डला.